खारीवाव रोडवरून

हेरंबा, तुझा फोन आला तेव्हा
सेव-उसळीची तरी उकळत होती,
आणि तू सांगत होतास
कड्याच्या कडेनं नऊ मैल चाललास,
डाव्या हाताला सबंध वेळ समुद्र,
वाटेत एक पब, सोळाशे काहीतरी सालचा,
तुळई एवढी खाली
की तुझ्यासारख्या बुटक्यालाही मान लववावी लागली.
वर पाटी होती म्हणे: डोकं सांभाळा.

मी म्हटलं, बडोद्यालाही आहे की समुद्र.
तू हसलास.
ती तरी खाली लागली, ते तुला सांगितलं नाही.

परवा गेलो होतो आम्ही.
मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ललिताबेन,
इलियासच्या गाडीत, पादरा, मग जंबुसर, मग कावी.
ललिताबेननी टॉवेल घेतला होता, थेपले, छत्री,
आणि पायात नव्या सपाता.
पोचलो तर समुद्र नव्हता.
काळा चिखल होता, दिसेल तिथवर,
त्यावर निवट्या उड्या मारत होत्या,
ना धड मासे, ना धड बेडूक,
आपल्यासारख्याच, दोन्हीकडच्या.
चहावाल्यानं गाळणी झटकली, म्हणाला,
दरियो सव्वापाचला येईल.
जशी जंबुसरची बस.

मग काय, चाललो.
तुझ्यासारखे नऊ मैल नाही, पण चाललो,
डाव्या हाताला सबंध वेळ
समुद्राची रिकामी जागा.
ललिताबेन म्हणाल्या, यांना एकदा आणायचं राहिलं.
मी काही बोलले नाही. थेपला अर्धा केला.

पाच वाजून वीस मिनिटांनी
आधी वास आला, मग आवाज,
मग चिखलाच्या भेगाभेगांतून पाणी,
लाट नाही रे, फेस नाही,
उशिरा आलेला माणूस मागच्या दारानं घरात शिरतो तसं,
गढूळ, गुपचूप, आणि मग एकदम सगळीकडे.
सपाता वाहून जाता जाता वाचल्या.

आणि पबचं म्हणशील, तर तोही होता आपल्याकडे.
दांडिया बाजारच्या घराचा माळा विसरलास?
बाबांचं परमिट, डॉक्टरच्या सहीचं,
माणूस आजारी आहे असं सरकार लिहून देणार
तेव्हा त्याला महिन्याच्या मोजून बाटल्या.
बाबांना कसलाच आजार नव्हता,
फक्त चाळीस वर्षं एकाच टेबलावर जावक रजिस्टर.
मेथीच्या जुडीखालून पिशवी यायची,
दुसऱ्या शनिवारी खासेराव काका यायचे,
खारे दाणे, पितळी तांब्यात बर्फ,
आणि तू जिन्यावर पहारेकरी:
आईची भिशी सुटली की दोनदा खोकायचं.
एकदा तुला खरंच खोकला झाला होता.
केवढी धांदल, खासेराव काका अर्धा पेला
तुळशीत ओतून मोकळे!
त्या माळ्याच्या तुळईला आईनं
जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती,
कुणाचं डोकं आपटू नये म्हणून.
म्हणजे तिला ठाऊक होतं.
हे मला परवा सुचलं, गाडीत, पादऱ्याच्या फाटकाशी.

रात्री परतलो. खारीवाव रोडवर इलियासनं सोडलं.
इतकी वर्षं या रस्त्यावरून भाजी आणली,
कधी मनात आलं नाही, हे नाव कसलं.
कुणीतरी गोड्या पाण्यासाठी खणत गेला असेल,
हाती खारट लागलं असेल,
थुंकला असेल, आणि तरी
वाव पुरी बांधली असेल.
खरं खोटं कुणास ठाऊक. ललिताबेनना विचारलं,
त्या म्हणाल्या, मला पाय धुवायचेत.

माझ्या चपला मात्र तशाच आहेत गॅलरीत.
चिखल वाळला, कडेनं पांढरं धरलंय.
कामवाली रेशमा रोज विचारते, धुऊ का,
मी रोज म्हणते, उद्या.

तू येणार असशील तर ये.
पण आधी वेळ विचारून घे,
भरती रोज पाऊण तास पुढे सरकते,
आणि इलियासला रविवारी जमत नाही.